वाचकांचे प्रश्न : घरगुती निवास आणि जीएसटी

प्रश्न : दापोली तालुक्यात समुद्राजवळ आमचे वडिलोपार्जित घर असून त्यातील चार खोल्या आम्ही पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने देतो. निम्म्याहून अधिक बुकिंग एका ॲपवरून येते, उरलेले फोनवर. गेल्या आर्थिक वर्षात या व्यवसायातून बँकेत सुमारे 16 लाख रुपये जमा झाले. मर्यादा 20 लाखांची असल्याने आम्ही जीएसटी नोंदणी केलेली नाही. परंतु पुतण्याने दरपत्रकात ‘जीएसटी 5 टक्के वेगळा’ अशी ओळ घातली आहे. ते चालेल का? बेंगळुरूची एक कंपनी जीएसटीचे बिल मागते आहे, ते देता येईल का? पुण्यातील माझा फ्लॅट दरमहा 18 हजार रुपयांनी राहण्यासाठी दिलेला आहे, हेही कळवतो.

उत्तर : शेवटचे वाक्य आपण सहज लिहिले असावे, पण सगळी गोम तिथेच आहे.

सेवा देणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाख रुपये आहे हे खरे. मात्र ती बँकेत जमा झालेल्या रकमेवर नव्हे, तर एका पॅनवरील एकूण उलाढालीवर मोजली जाते. आपण सोबत पाठवलेल्या हिशेबानुसार ॲपवरील पाहुण्यांनी कर वगळून खोल्यांचे 12 लाख रुपये दिले. त्यातून 15 टक्के कमिशन, म्हणजे 1 लाख 80 हजार, त्या कमिशनवरचा 18 टक्के जीएसटी 32,400 आणि थोडा टीडीएस कापून उरलेली रक्कम आपल्या खात्यात आली. उलाढालीत मात्र पूर्ण 12 लाखच धरायचे. त्यात फोनवरील बुकिंगचे साडेचार लाख आणि जेवणाच्या थाळ्यांचे 1 लाख 60 हजार मिळवले की 18 लाख 10 हजार होतात. राहण्यासाठी दिलेल्या फ्लॅटच्या भाड्यावर कर नसला, तरी करमाफ उत्पन्नही एकूण उलाढालीत येते, म्हणून त्याचे वर्षाचे 2 लाख 16 हजार वर चढतात आणि बेरीज 20 लाख 26 हजारांवर जाते. तोच फ्लॅट पत्नीच्या नावावर असता, तर आपण मर्यादेच्या आत राहिला असता.

मर्यादा ओलांडल्यापासून 30 दिवसांत नोंदणीसाठी अर्ज करायचा असतो आणि कराची जबाबदारी त्या दिवसापासून सुरू होते, वर्षाच्या आरंभापासून नाही. म्हणून प्रथम वही घेऊन 20 लाखांचा आकडा नेमका कोणत्या तारखेला पार झाला ते शोधावे. ती तारीख मार्चच्या अखेरीस निघाली, तर गेल्या वर्षाची थकबाकी फार नसेल. उशिरा भरलेल्या करावर व्याज मात्र द्यावे लागेल.

आता पुतण्याची ओळ. ती आजच पुसून टाकावी. नोंदणी नसलेल्या व्यक्तीला जीएसटीच्या नावाखाली एक रुपयाही घेता येत नाही, आणि घेतला असेल तर तो सरकारजमा करावाच लागतो. आपल्यासारख्या नोंदणी नसलेल्यांच्या ॲपवरील बुकिंगचा कर कायद्याच्या कलम 9(5) नुसार ॲपचालक कंपनीच पाहुण्यांकडून घेऊन भरते, त्यामुळे त्या पाहुण्यांकडून आपण पुन्हा 5 टक्के घेणे तर सरळसरळ दुहेरी वसुली ठरते.

नोंदणी झाली की हे चित्र उलटते. जीएसटी क्रमांक ॲपवर ताबडतोब भरावा, कारण त्यानंतर सर्वच बुकिंगचा कर आपण भरायचा असतो आणि कंपनी फक्त अर्धा टक्का टीसीएस (ॲपने आपल्या रकमेतून कापून सरकारकडे भरायचा कर) कापते, जो आपल्याला पोर्टलवरील रोख खात्यात परत मिळवता येतो. खोलीचे एका दिवसाचे भाडे 7,500 रुपयांपर्यंत असल्यास 22 सप्टेंबर 2025 पासून दर 5 टक्के आहे (पूर्वी तो 12 होता); पण त्यावर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या करातून वजा करण्याची सवलत) नाही. गाद्या, एसी, रंगकाम, इतकेच काय, ॲपच्या कमिशनवरचा जीएसटीसुद्धा खर्चातच टाकावा लागतो, हे भाडे ठरवताना लक्षात असू द्यावे. अख्खे घर एकाच पार्टीला दिवसाला 12 हजारांनी दिले, तर मात्र दर 18 टक्क्यांवर जाऊ शकतो.

बेंगळुरूच्या कंपनीला नोंदणीपूर्वी जीएसटीचे बिल देता येणार नाही. साधी पावती द्यावी. नोंदणीनंतर बिल देता येईल, परंतु निवासाच्या सेवेचे ठिकाण म्हणजे घर जिथे आहे ते ठिकाण, त्यामुळे पाहुणा कोठूनही येवो, बिलावर केंद्राचा आणि महाराष्ट्राचा असे दोन कर लागतील, आयजीएसटी (दोन राज्यांमधील व्यवहारांवरचा कर) नाही. कर्नाटकातील नोंदणीवर त्याचे क्रेडिट घेता येत नाही, हे त्या कंपनीच्या हिशेबनिसाला आधीच सांगून ठेवलेले बरे, नाहीतर बिल दुरुस्त करून द्या म्हणून फोनावर फोन येत राहतात.

पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेतील नोंदणी आणि ग्रामपंचायतीची घरपट्टी या वेगळ्या बाबी आहेत. त्या असल्या म्हणून जीएसटीतून सूट मिळत नाही.