वडिलांचे गुडघे दुखतात, बेलम गुहेत त्यांना नेऊ का?

न्या. "वय सत्तर, गुडघे दुखतात, तर त्यांना वरच बसवून आम्ही बघून येऊ का?" असं तुम्ही विचारलंय. त्यातलं ते 'वरच बसवून' मला लागलं, कारण माझ्या थोरल्या भावाने नेमकं हेच सुचवलं होतं.

आमच्या बाबांचा जन्म विहिरी खोदण्यात गेला. आंध्र प्रदेशातल्या बेलमला सपाट रानात विहिरीसारखं मोठं भगदाड आहे, त्यातूनच पायऱ्या आत उतरतात. बाबा काठावर बराच वेळ खाली बघत उभे राहिले. तेवढ्यात दादाचा फोन. "त्यांना खाली नेऊ नकोस, काही झालं तर कोण निस्तरणार?" मी फोनवर वाद घालत होतो, तोवर बाबा निम्म्या पायऱ्या उतरून गेले होते.

आत गारवा असेल असं वाटतं, पण चांगलंच उकडतं. बाहेरची हवा नळ्यांतून आत सोडतात. तिच्या झोतापाशी बसत, घाम पुसत आम्ही पुढे सरकलो. गुहा ३,२२९ मीटर लांब आहे, त्यातली साधारण दीड किलोमीटर लोकांसाठी खुली आहे. भिंती लाटांसारख्या वळलेल्या, गुळगुळीत. बाबा म्हणाले, "इथं पहार लागलेली नाही. हे सगळं पाण्याचं काम." शाळा चौथीपर्यंत, पण अचूक बोलले. मातीतून झिरपताना पावसाचं पाणी किंचित आंबट होतं आणि चुनखडी विरघळवत जातं.

सप्तस्वर गुहेत लोंबत्या दगडांवर टकटक केलं की धातूसारखा नाद येतो. सगळे वाजवत होते. बाबा मात्र डोळे मिटून ऐकत होते. ठोक्याच्या आवाजावरून कातळ अखंड आहे की भेगाळलेला, हे ते ओळखायचे. (तुम्हीही वाजवू नका. हाताचा तेलकटपणा दगडावर बसला की तिथे नवा थर धरत नाही.)

पाताळगंगा सगळ्यात खाली, ४६ मीटरवर. पाण्याची बारीक धार येते आणि खडकात गडप होते. बाबा तिथे वाकून बसले. "जिवंत झरा आहे रे," एवढंच म्हणाले. परत चढताना त्यांना चार वेळा बसावं लागलं. आम्हाला दोन तास लागले, लागू देत की!

दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नका. काही ठिकाणी छत खाली आलंय, वाकून जावं लागतं. सुती कपडे, न घसरणारी पादत्राणं आणि पाणी हवंच. पाताळगंगेचा उतार जमत नसेल तर तेवढा सोडा, बाकीचं तरी दाखवा.

आणि भावंडांत चर्चा करण्याआधी वडिलांनाच विचारा. आमच्या दादाने तेव्हा बाबांना विचारलं नव्हतं. खाली काय बघितलंत, हेही त्याने अजून विचारलेलं नाही.