मुलीचा पंधरावा वाढदिवस आपल्या मराठी पद्धतीने कसा करावा? (इंदूर)

तुम्ही लिहिलंय की घराणं मूळचं साताऱ्याकडचं, तीन पिढ्या इंदुरात. मुलीने मेक्सिकोतल्या किन्सेआन्येराचे (मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या सोहळ्याचे) व्हिडिओ पाहिले आणि विचारलं, "आपल्यात पंधराव्याला काय असतं?" शिवाय हॉल कुठला घ्यावा, खर्च किती येईल, हेही विचारलंय.

आपल्यात पंधराव्याला काही नसतं. असणार कुठून? १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातही मुलीच्या लग्नाचं किमान वय पंधराच होतं, अठरा झालं ते १९७८ साली. अहिल्याबाई तर १७३३ साली लग्न झालं तेव्हा जेमतेम आठ वर्षांच्या होत्या. वाढदिवस करायला मुलगी माहेरी हवी ना! एखादी आजी न्हाणाच्या (पहिल्या पाळीच्या) मखराची आठवण काढेल. तो वाढदिवस नव्हे, सरळ नाही म्हणा.

पण पंधराव्याची एक गंमत खरी आहे. १५ वर्षांत १८५ चांद्रमास पुरे होऊन वर साधारण अर्धा महिना उरतो, म्हणून या वर्षी तारीख आणि तिथी पंधरवड्याने लांब पडतात. पौर्णिमेला जन्मलेल्या मुलीच्या तारखेला अमावास्येच्या आसपासची तिथी येते. दोन्ही जुळतात ती १९व्या वर्षी. तेव्हा तिथीला घरचं औक्षण आणि तारखेला मैत्रिणी, अशी सरळ वाटणी करा.

औक्षण तुम्हाला येतंच. पंखा बंद करायला विसरू नका, एवढंच. पंधरा दिव्यांनी ओवाळायचं असेल (साठी-पंच्याहत्तरीची उसनवारी आहे, पण दिसते छान) तर कणकेचे दिवे करा. २५० ग्रॅम कणीक, चिमूट हळद, चमचाभर तेल. पुरीपेक्षा घट्ट भिजवा आणि चाळणीत १२ ते १५ मिनिटं वाफवा. कणीक सैल झाली की वाफेत काठ बसतो, तूप बाहेर येतं आणि वात विझते. दिवे पूर्ण गार झाल्यावरच तूप घाला. ओवाळणारीचे आणि मुलीचे केस बांधलेले हवेत.

आता मुख्य गोष्ट, नऊवारी. इथे पुण्याची मंडळी "तुम्हा इंदूरकरांना कसली परंपरा" म्हणून नाक मुरडतात. त्यांना महेश्वरी, म्हणजे आपल्या इंदूरजवळच्या महेश्वरची हातमागाची साडी, दाखवा. महेश्वरीची बुगडी किनार दोन्ही अंगांनी सारखी दिसते, आणि काष्ट्यात कापड उलटतं तिथे त्याचाच उपयोग होतो. शिवाय सुती-रेशमी पोत हलका, त्यामुळे गाठ धरून राहते. मात्र दुकानात टांगलेली महेश्वरी साडेपाच मीटरची असते आणि नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. दोन साड्या जोडू नका, जोड नेमका काष्ट्यात येतो. नऊवारी वेगळी सांगून विणून घ्यावी लागते, म्हणून दोन महिने तरी हाताशी ठेवा.

नेसवताना आधी पदर मोजा. डाव्या खांद्यावरून मागे गुडघ्यापर्यंत यायला हवा. बहुतेक जणी आधी गाठ मारतात, मग पदर वीतभर आखूड पडतो आणि सगळं सोडावं लागतं. लेगिंग्जवर गाठ घसरते, म्हणून कमरेला जुन्या सुती कापडाची पट्टी आवळून बांधा आणि वरचे दोन्ही काठ पिळून गाठ तिच्यावर, बेंबीशी, दुहेरी मारा. पंधरा वर्षांची पोर बारीक असते, कापड उरतंच. चार बोटांच्या निऱ्या घातल्या तर पोटावर गठ्ठा होतो, वीतभर रुंद घाला. काष्टा मागे ओढताना तिला पाय फुटभर फाकवून, गुडघे जरा वाकवून उभं करा. ताठ उभी असताना ओढलात तर तिला पाटावर बसताच येणार नाही, आणि बसलीच तर गाठ सुटेल. काष्टा खोचला की दोनदा उकिडवं बसवून उठवा. टाचण्या त्यानंतर.

शिवलेली नऊवारी घेऊ का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. माझ्या जावेचं म्हणणं, घ्यावी, पाच मिनिटांत काम होतं. माझं म्हणणं, तो साडीच्या कापडाचा पायजमा आहे. हवा तर घाला, पण "नऊवारी नेसली" म्हणू नका.

जेवणात पुरणपोळी असू द्या. थंडीतला वाढदिवस असेल तर गराडूही (आपला इंदुरी कंद) तळा. कुणी "हे मराठी आहे का" विचारलं, तर त्याला दुसऱ्यांदा वाढू नका. हॉलचं मला विचारू नका, तिथीच्या औक्षणाला घरचा हॉल पुरतो.

आणि हो, हे आधी लिहायला हवं होतं: मुलीला नऊवारी नको असेल तर विषय तिथेच संपवा. तिला लेहंगा हवा असेल तर लेहंगा. नाच बसवला असेल तर जावेचंच खरं, शिवलेलीच आणा. नेसलेल्या नऊवारीत नाचायला रोज नेसायची सवय लागते. वाढदिवसाच्या आधी निदान तीनदा नेसवून बघा, आणि त्यातल्या एकदा तिला जिन्यावरून खाली-वर करायला लावा.