घरात सापडलेली जुन्या आगगाड्यांची आणि ट्रामची छायाचित्रे कशी ओळखावीत आणि इतरांना कशी द्यावीत?

आपल्या प्रश्नातून मला समजले ते असे. आपले आजोबा रेल्वेत फायरमन होते. त्यांच्या ट्रंकेत आगगाड्यांची आणि काही ट्रामची कृष्णधवल छायाचित्रे निघाली आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांवर काहीही लिहिलेले नाही. ती कुठली आणि कधीची हे आपल्याला ठरवायचे आहे. रेल्वेची जुनी छायाचित्रे जमवणाऱ्या व एकमेकांना देणाऱ्या हौशी मंडळींना ती द्यावीत का, आणि द्यायची तर कशी, हेही आपण विचारले आहे. मी सोलापूरचाच असून हा नाद मला बऱ्याच वर्षांपासून आहे. ती अवश्य द्यावीत, असे माझे मत आहे. मात्र प्रत्येक चित्राबरोबर, त्याविषयी आपण जे सांगत आहात ते कशावरून सांगत आहात, हेही लिहून द्यावे. जुन्या गाडीचे चित्र मिळणे आजकाल अवघड राहिलेले नाही, पण ज्याच्या ठिकाणाविषयी व काळाविषयी विश्वास ठेवता येईल असे चित्र मिळणे अवघड आहे.

ओळखण्याची सुरुवात इंजिनापासून करू नये, रुळांपासून करावी. आपल्या जिल्ह्याचे हे एक भाग्यच म्हणायचे की येथे तिन्ही मापांचे रूळ होते, आणि त्यामुळे रुळांमधले अंतर कळले की निम्मे काम होते. मुंबई-पुण्याकडून येणारा जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मार्ग 1860 साली सोलापूरला पोहोचला आणि 1871 साली रायचूरला मद्रासकडून आलेल्या मार्गाला मिळाला. हा ब्रॉड गेज, म्हणजे साडेपाच फुटांचा. होटगीहून विजापूरमार्गे गदगला जाणारा मार्ग सदर्न मराठा रेल्वेने 1884 साली सुरू केला, तो मीटर गेज, म्हणजे एक मीटर रुंदीचा. तिसरी आपली बार्शी लाइट. अडीच फुटांच्या रुळांवरची ही गाडी कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत 1897 साली धावू लागली, पुढे 1906 साली पंढरपूरला, 1911 साली लातूरला आणि 1927 साली मिरजेला पोहोचली. ब्रॉड गेज आणि अडीच फुटी रूळ एकाच चौकटीत दिसत असतील तर कुर्डुवाडीचा विचार आधी करावा. ब्रॉड गेज आणि मीटर गेज शेजारीशेजारी असतील तर सोलापूर किंवा होटगीचा.

रूळ दिसतच नसतील, फलाटाने किंवा माणसांच्या घोळक्याने झाकले गेले असतील, तर इंजिनाच्या किंवा डब्याच्या टोकाकडे पाहावे. ब्रॉड गेजच्या त्या काळच्या गाड्यांना दोन्ही बाजूंना एकेक असे दोन बफर, म्हणजे धक्का झेलणारे दट्टे, असत आणि मध्ये साखळीची जोडणी असे. मीटर गेज आणि बार्शी लाइटच्या गाड्यांना बरोबर मध्यभागी एकच बफर असे व तोच जोडणीचेही काम करी. ही खूण अंधुक चित्रातही सहसा हरवत नाही.

आपण ज्या चित्राचे वर्णन केले आहे, म्हणजे बुटके इंजिन, त्याला खाली दाटीने लागलेली लहान चाके आणि मागे माणसांनी खच्चून भरलेले मालडबे, ते मला बार्शी लाइटचे वाटते. ही रेल्वे उभारणारे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा सगळा भर एका गोष्टीवर होता: कोणत्याही एका आसावर, म्हणजे चाकांच्या जोडीला जोडणाऱ्या दांड्यावर, पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. भार असा वाटला गेला की हलके रूळ पुरतात आणि खर्च कमी होतो, तरीही गाडी पुरेसा माल ओढते. म्हणूनच लीड्सच्या किटसन कंपनीने या मार्गासाठी बांधलेल्या पहिल्या इंजिनांना जोडलेली आठ चाके होती आणि मागच्या बाजूला आधाराची आणखी चार. इंजिनाच्या एका बाजूची चाके मोजावीत. चार सारखी चाके एका दांड्याने जोडलेली आणि त्यांच्यामागे दोन लहान चाके दिसली, पुढे मात्र एकही लहान चाक नसले, तर ते त्या पहिल्या घराण्यातले इंजिन आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येईल. मालडब्यांतील माणसांविषयी म्हणाल, तर पंढरपूरच्या यात्रेच्या वेळी प्रवासी डबे अपुरे पडत आणि वारकऱ्यांना मालडब्यांतूनही नेले जाई. त्यामुळे ते चित्र आषाढी किंवा कार्तिकीच्या सुमाराचे असू शकते. मात्र हा तर्क आहे आणि चित्राखाली तो तर्क म्हणूनच लिहावा. बार्शी लाइट 1954 च्या आरंभी सरकारने विकत घेतली आणि तोवर ती खासगी कंपनीची होती, हेही लक्षात ठेवावे, कारण डब्यावर कंपनीची आद्याक्षरे स्पष्ट दिसत असतील तर चित्र त्या सुमाराचे किंवा त्याआधीचे ठरते.

अक्षरांचा हा मुद्दा मोठ्या मार्गांसाठी अधिकच उपयोगी आहे, पण तो जपून वापरावा लागतो. जी.आय.पी. ही अक्षरे 1951 च्या नोव्हेंबरात मध्य रेल्वे स्थापन होईपर्यंतची. जुने डबे नव्याने रंगवून होईपर्यंत ती आणखी काही काळ टिकली असतील हे गृहीत धरावे. त्यानंतरचा टप्पा सोलापूरकरांच्याही फारसा लक्षात राहिलेला नाही. 2 ऑक्टोबर 1966 रोजी दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली तेव्हा सोलापूर विभाग तिच्यात गेला आणि 1977 साली तो मध्य रेल्वेत परत आला. म्हणजे सोलापूरच्या लोको शेडच्या (इंजिने ठेवण्याच्या जागेच्या) ब्रॉड गेज इंजिनावर दक्षिण मध्यची अक्षरे असतील, तर चित्राचा काळ अकरा वर्षांच्या आत येऊन बसतो. डब्यांच्या बाबतीत हा नियम चालत नाही, कारण सिकंदराबाद-हैदराबादचे डबे सोलापूरवरून नेहमीच जात-येत होते. मीटर गेजलाही तो लागू नाही. तो मार्ग हुबळी विभागाबरोबर 1966 साली दक्षिण मध्यमध्ये गेला आणि पुढे कित्येक वर्षे तिथेच राहिला. त्या मार्गाच्या गाडीवर मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची अक्षरे दिसली तर काळ 1908 ते 1951 च्या दरम्यानचा समजावा.

इंजिनाच्या तोंडाला बंदुकीच्या गोळीसारखा पुढे आलेला फुगीर आकार असेल, तर ते डब्ल्यू.पी. या वर्गाचे वाफेचे इंजिन. हा वर्ग भारतात 1947 साली आला, त्याआधीचे चित्र असूच शकत नाही. डबे पूर्ण पोलादी आणि आय.सी.एफ. (इंटिग्रल कोच फॅक्टरी) पद्धतीचे असतील तर 1955 नंतरचे, कारण पेरांबूरचा तो कारखानाच त्या वर्षी सुरू झाला. आणखी एक खूण केवळ आपल्याकडची आहे: चित्रात रुळांवर विजेच्या तारा असतील आणि गाडी जुनी असेल, तर ठिकाण सोलापूर नव्हे. मुंबईत विजेची पहिली गाडी 1925 साली धावली, तारा पुण्यापर्यंत 1930 च्या सुमारास पोहोचल्या आणि पुण्याच्या पुढे सोलापूरपर्यंत त्या यायला अगदी अलीकडचा काळ उजाडला. तरीही ‘सोलापूर स्टेशन, 1940’ अशा मथळ्याखाली तारांचे जाळे असलेली चित्रे सर्रास फिरताना मी पाहतो. मध्ये फुगवटा आणि दोन्ही बाजूंना लांब उतरते तोंड असलेले ते विजेचे इंजिन, ज्याला रेल्वेचे कर्मचारी ‘खेकडा’ म्हणत, तेही घाटातले व मुंबई-पुणे भागातले. त्याला आपल्या फलाटावर आणून उभे करू नये.

पार्श्वभूमीही वाचावी. गिरण्यांच्या चिमण्या, पाण्याची टाकी, सिग्नलची केबिन, दगडी कमानींचा पूल, यांतले एखादे तरी चित्राचे ठिकाण सांगून जाते. भीमेवरचा डिकसळचा जुना पूल उजनी धरणामुळे रेल्वेमार्ग हलवल्यावर रस्त्याच्या वाहतुकीसाठी वापरला जाऊ लागला, त्यामुळे त्या पुलावरची आगगाडी दाखवणारे चित्र हाती लागले तर ते धरणाच्या आधीचे हे निश्चित.

आता ट्राम. आपल्याकडच्या माणसाने ट्रामचा फोटो काढला असेल तर तो बहुधा मुंबईत, हा आपला अंदाज मला योग्य वाटतो. मुंबईत घोड्यांची ट्राम 1874 च्या मे महिन्यात आली, विजेची 1907 साली आणि दुमजली ट्राम 1920 साली. दुमजली ट्राम दिसली तर मुंबईचा संभव फार मोठा. एकमेकांना जोडलेले दोन एकमजली डबे दिसले तर आधी कोलकाता तपासावे. नाशिकलाही 1930 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ट्राम होती हे पुष्कळांना ठाऊक नसते. छताकडेही पाहावे: ट्रामला वीज घेणारा एक दांडा असतो. दोन दांडे आणि खाली रबरी चाके असतील तर ती ट्रॉलीबस आहे, जी मुंबईत 1962 ते 1971 या काळात चालली. मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 रोजी रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. म्हणून भर उन्हात काढलेल्या चित्राखाली ‘मुंबईची शेवटची ट्राम’ असे कोणी लिहून पाठवले, तर ती शेवटची फेरी नव्हे एवढे तरी नक्की सांगता येते.

छायाचित्राची मागची बाजू समोरच्या बाजूइतकीच महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच कोणी देत नाही. कागदामागे ‘ओर्वो’ हे कंपनीचे नाव छापले असेल तर कागद 1964 नंतरचा, कारण ते नावच त्या वर्षी आले. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद असेल तर साठच्या दशकाच्या अखेरचा किंवा नंतरचा. सव्वादोन इंचांच्या चौकोनी प्रती बहुधा आग्फा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्याच्या असतात. मात्र कागदावरून प्रत केव्हा काढली ते कळते, फोटो केव्हा टिपला ते नाही. जुन्या निगेटिव्हवरून पुढे कधीही प्रत काढता येते. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेले एखादे नाव, पोस्टाचा ठसा, हे सगळे आहे तसे ठेवावे.

देण्याआधी दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात. मोबाइलने काढलेला फोटो ओळख विचारण्यापुरता चालेल, पण जतन करण्यासाठी किमान 600 डीपीआयवर (दर इंचाला 600 ठिपके), कडा न कापता स्कॅन करावे. इंजिनाच्या केबिनवरचा क्रमांक किंवा बांधणीच्या पाटीवरचे वर्ष अनेकदा मोठे करून पाहिल्यावरच वाचता येते. चित्र अल्बमला चिकटले असेल तर ओढून काढू नये, पानासकट स्कॅन करावे. चिकटपट्टी लावू नये, मागे बॉलपेनने लिहू नये. लिहायचेच तर मऊ पेन्सिलीने. डाग घालवणे, तीक्ष्णता वाढवणे, रंग भरणे यांतले काहीही मूळ स्कॅनवर करू नये. संगणकाने रंगवलेल्या चित्रांचा तर मला मनापासून राग आहे. काळ्या इंजिनाला हिरवे आणि तांबड्या डब्याला निळे करणारा तो प्रोग्रॅम रंग पाहून भरत नाही, तर अंदाजाने भरतो आणि चार वर्षांनी तोच अंदाज कोणीतरी पुरावा म्हणून पुढे करतो.

चित्राबरोबरच्या मजकुरात तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात: चित्रावर किंवा मागे प्रत्यक्ष काय लिहिले आहे, घरातल्यांनी काय सांगितले, आणि आपण स्वतः काय ताडले. ‘आजोबांची ड्यूटी कुर्डुवाडीला होती असे आई सांगते’ हे वाक्य जसेच्या तसे लिहावे. त्याचे ‘कुर्डुवाडी, 1950’ करू नये. आपल्याकडे आजोबांची सेवापुस्तिका किंवा बदलीचे कागद असतील तर त्यांतली वर्षे कोणत्याही तज्ज्ञाच्या अंदाजापेक्षा भारी ठरतील. सोलापूरच्या रेल्वे लाइन्स भागात किंवा कुर्डुवाडीला, जिथे अरुंद रुळांच्या गाड्यांचा कारखाना होता, निवृत्त कर्मचारी भेटले तर त्यांना छापील मोठी प्रत दाखवावी. अशी माणसे इंजिनाच्या नुसत्या चिमणीवरून शेड सांगतात, पण मोबाइलच्या पडद्यावर त्यांना काही दिसत नाही.

राहिला हक्काचा प्रश्न. प्रत आपल्या घरात आहे म्हणून तिचा कॉपीराइट आपला होत नाही. तो मुळात फोटो काढणाऱ्याचा, किंवा पैसे देऊन काढून घेतला असेल तर तो काढवून घेणाऱ्याचा असतो. 2012 च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रावरचा हक्कही छायाचित्रकाराच्या निधनानंतर 60 वर्षे चालतो. आजोबांनी स्वतः काढलेली चित्रे वारसाने आपल्या कुटुंबाकडे येतील आणि ती द्यायची की नाही हे भावंडांशी बोलून ठरवावे. विकत आणलेली पोस्टकार्डे आणि स्टुडिओच्या प्रती यांच्याखाली मात्र आपले नाव छायाचित्रकार म्हणून घालू नये, ‘संग्रहातून’ एवढेच लिहावे. चित्राच्या मधोमध भलेमोठे नाव उमटवल्याने चोरी थांबत नाही, फक्त इंजिनाचा क्रमांक झाकला जातो. नाव घालायचेच असेल तर खाली पांढरी पट्टी वाढवून तिच्यात घालावे. आणि पहिल्या खेपेस सगळी ट्रंक एकदम पाठवू नका. मालडब्यांचे ते चित्र आणि एक ट्रामचे, दोन्ही मागच्या बाजूंसह, आधी द्या. ‘हे काय आहे’ असे न विचारता ‘डावीकडची केबिन कोणत्या स्टेशनची’ किंवा ‘ट्रामच्या पाटीवर कोणता क्रमांक वाचता येतो’ असे विचारा, म्हणजे उत्तरेही तशीच नेमकी येतील.