नरिमन पॉइंटच्या जुन्या ऑफिस इमारतीत सामाईक जागांचं नूतनीकरण करायचंय. सुरुवात लॉबीपासून करावी का?

नाही, लॉबी सगळ्यात शेवटी घ्या. आधी स्ट्रक्चरल ऑडिट (म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी), मग आगीची यंत्रणा आणि पाण्याच्या-सांडपाण्याच्या उभ्या लाइन, त्यानंतर लिफ्ट. प्रीमायसेस सोसायट्यांच्या (ऑफिस-गाळेमालकांच्या सहकारी संस्थांच्या) देखभालीचं काम करताना हे वारंवार दिसतं: नवी फॉल्स सीलिंग लागते आणि मग स्प्रिंकलरच्या पाइपसाठी तीच फोडावी लागते. तिथल्या बऱ्याच इमारती 1970च्या दशकातल्या आहेत, आणि मुंबईत 30 वर्षांवरील इमारतीला ऑडिट तसंही कायद्याने बंधनकारक आहे.

स्वच्छतागृहं मजल्यामजल्याने करू नका. एका उभ्या लाइनवरची सगळी एकत्र घ्या, म्हणजे पाणी एकदाच बंद ठेवावं लागेल. भाडेकरूंना रोज त्रास होतो तो इथे आणि लिफ्टच्या रांगेत, त्यामुळे पैसा इथेच घाला. प्रवेशाला 1:12 उताराचा (12 फूट लांबीत 1 फूट चढ) रॅम्प हवाच. व्हीलचेअरवरच्या माणसाला मागच्या दाराने आत घेणं मला पटत नाही.

रिफ्यूज एरियात कॅफे किंवा बसायची जागा करा असं कुणी सुचवलं तर ठाम नकार द्या. ती जागा आगीत अडकलेल्यांसाठी आहे, आणि 2006च्या महाराष्ट्र अग्निसुरक्षा कायद्यानुसार दर जानेवारी-जुलैत आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं.

इमारत फोर्टमधली, हेरिटेज यादीतली असेल तर मात्र क्रम बदलतो: काहीही ठरवण्याआधी तिच्या श्रेणीप्रमाणे कोणती परवानगी लागते ते बघा.