काशला मुक्काम, पाताराला अख्खा दिवस

तुर्कस्तानच्या भूमध्य किनाऱ्यावर पहिल्यांदाच निघालायस ना? मग सगळा आठवडा अंताल्याच्या हॉटेलात घालवू नकोस. दालामान विमानतळावर उतर आणि काश गावात चार रात्री तरी राहा. तिथून दोल्मुश मिळतात, आपल्या वडापसारख्याच छोट्या गाड्या.

पाताराला मात्र पूर्ण दिवस दे. जवळपास 18 किलोमीटर लांब वाळूचा किनारा, आणि तिकडे जाणारी वाट लिशियाच्या, म्हणजे या किनाऱ्यावरच्या प्राचीन प्रदेशाच्या, एका शहराच्या अवशेषांमधून जाते. सकाळी लवकर पोच. आधी जुनं नाट्यगृह बघ, मग लिशियन नगरसंघाचं सभागृह. दुपारी दगड तापतात आणि सावली औषधालाही सापडत नाही. समुद्री कासवं इथे अंडी घालतात, म्हणून उन्हाळ्यात रात्री किनाऱ्यावर जायला बंदी असते. वेळासची कासवं पाहिली असशील तर कारण वेगळं सांगायला नको.

जवळच्या लेतोन या प्राचीन देवस्थानात लिशियन, ग्रीक आणि अरामाइक अशा तीन भाषांतला शिलालेख सापडला. लिशियन भाषा उलगडायला त्याची मोठी मदत झाली. तो आता फेथियेच्या संग्रहालयात आहे. तासभर काढून नक्की बघ, मला तो निळ्या पाण्याइतकाच लक्षात राहिलाय.

कापुताशच्या किनाऱ्यावर उतरायला पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघे दुखत असतील तर सोड.

जुलै-ऑगस्ट टाळ, सप्टेंबर उत्तम. शाकाहारी असशील तर पालक-चीज भरलेली गरम गोझलेमे (पातळ पोळी) खा, उलट्या तव्यावर भाजतात.