सासूबाईंची मांडी आणि घाटातली वळणं

प्रश्न : काका, गणपतीला आम्ही डोंबिवलीहून कुडाळला गाडीने जातो. मुलगा सहा वर्षांचा आहे, पोलादपूर सोडलं की त्याला गाडी लागते. मुलगी अडीच वर्षांची. चाइल्ड सीटवर बसवली की घसा फोडून रडते आणि सासूबाई म्हणतात, "घे गं मांडीवर, आमची नाही का वाढली?" यंदा यांनी रात्री निघून एका दमात पोचायचं ठरवलंय. कसं जमवू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, मी एसटीच्या स्टिअरिंगवर नोकरी काढली, तीही बरीचशी याच रस्त्यावर. त्यामुळे आधी तुमच्या यजमानांशी बोलतो. दिवसभर ऑफिस करून रात्री बाराला गाडी काढणाऱ्याचे डोळे पहाटे तीन-चारला मिटतातच, कितीही चहा प्या. संध्याकाळी लवकर झोपा, पहाटे चारला निघा. आणि 'एका दमात' हा शब्द गणपतीतल्या मुंबई-गोवा हायवेला शोभत नाही. माणगावात गाड्यांची रांग लागली की किती वेळ जाईल ते बाप्पालाच ठाऊक. म्हणून त्याआधी इंदापूरलाच पोरांना शू करवून आणा. "लागली नाही" म्हणतील, तरी न्या.

आता मुलाचं. कानातला तोल सांगतो 'हलतोय', डोळे मोबाइलवर असले की ते म्हणतात 'बसलोय'. या भांडणात पोट ढवळतं. घाटात मोबाइल नको, गोष्टीचं पुस्तकही नको. बूस्टर सीट घ्या. त्याने पट्टा गळ्याऐवजी खांद्यावर येतो आणि पोराला समोरचा रस्ताही दिसतो. आता कशेडीला बोगदा झालाय, पण भोस्ते आणि परशुराम घाट आहेतच. तिथे वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक दाबायचा नाही. पोराला गाडी लागते ती निम्मी चालवणाऱ्यामुळे, हे माझं स्पष्ट मत आहे. बरं, गोळी डॉक्टरांना विचारूनच आणि निघण्याआधी द्यायची. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. निघताना ग्लासभर दूध पाजू नका. दशमी, साळीच्या लाह्या असं कोरडं, थोडं थोडं द्या. वेफर्स तर पिशवीत दिसूच देऊ नका.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की तेव्हाच्या गाड्या चाळीसच्या पुढे जात नव्हत्या. ताशी ५० किलोमीटरच्या धडकेत बारा किलोचं पोर पैलवानाच्या हातातही टिकत नाही. पुढच्या सीटवर मांडीत तर मुळीच नको, एअरबॅग उघडली तर पोरावरच आदळते. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर १००० रुपये दंड आहे. काही सासवांना पोरापेक्षा पावती लवकर पटते.

ती सीट आठवडाभर आधी हॉलमध्ये आणून ठेवा. मुलीला तिच्यात बसून खेळू दे, बाहुलीला पट्टा लावू दे. मग गाडीत लावून भाजी आणायला एक-दोन चकरा मारा. प्रवासात रडली तर गाडी बाजूला घ्या, उतरवा, पाय मोकळे करा, परत बसवा. चालत्या गाडीत एकदा जरी काढलीत तरी तिला कळतं की रडलं की सुटका होते, मग कुडाळपर्यंत तेच.

थोरल्याला नंबरप्लेटचं काम द्या. ०६ रायगड, ०८ रत्नागिरी, ०७ सिंधुदुर्ग. गणपतीत मात्र कोकणात ठाण्याच्या ०४ आणि कल्याणच्या ०५ चीच जत्रा असते, त्यामुळे ०७ दिसली की दोन गुण. सासूबाईंना पंच करा, मांडी आपोआप रिकामी राहील.

एक मात्र विसरू नका. पोरांचे दोन-दोन जोड कपडे, जुना टॉवेल आणि आइस्क्रीमचा झाकणाचा रिकामा डबा पायाशी ठेवा, डिकीत नाही. डिकीत ते हमखास मखराखाली जातात आणि हायवेच्या कडेला, पावसात, अख्खं मखर बाहेर काढावं लागतं. एक जोड तुमचाही घ्या. उलटी नेहमी आईच्याच अंगावर होते.