भूपट्ट लाव्हावर तरंगत नाहीत

पृथ्वीच्या अंतरंगाबद्दल प्रश्न वेगवेगळे आले आहेत, पण बहुतेकांच्या मुळाशी गैरसमज एकच आहे: पायाखाली जेमतेम काही किलोमीटर कठीण खडक, त्याखाली सगळा उकळता रस आणि त्या रसावर तरंगणारे भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण आवरणाचे मोठाले तुकडे. हे चित्र चुकीचं आहे. ते डोक्यातून गेल्याशिवाय भूकंप, ज्वालामुखी, पर्वत यांतलं काहीच नीट उलगडत नाही. म्हणून तो गैरसमज खोडणाऱ्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे. बाकीची उत्तरं गरजेपुरती.

प्रश्न: एका पुस्तकात भूकवच, प्रावरण, गाभा असे तीन थर आहेत. दुसऱ्यात शिलावरण, दुर्बलावरण अशी नावं आहेत. खरं काय?

दोन्ही. पहिली विभागणी थर कशाचा बनला आहे यावरून होते, दुसरी तो कसा वागतो यावरून. भूकवच महासागरांखाली सुमारे ७ किमी, खंडांखाली सरासरी ३५ ते ४० किमी आणि तिबेटच्या पठाराखाली ७० किमीच्या आसपास जाड आहे. त्याखाली २,८९० किमी खोलीपर्यंत प्रावरण, मग ५,१५० किमीपर्यंत द्रवरूप बाह्य गाभा आणि तिथून ६,३७१ किमीवरच्या केंद्रापर्यंत घन अंतर्गाभा.

शिलावरण म्हणजे भूकवच आणि त्याला घट्ट चिकटलेला प्रावरणाचा थंड, ताठ वरचा भाग. त्याची जाडी साधारण १०० किमी, जुन्या खंडांच्या पोटाखाली २०० किमीच्याही वर, तर मध्यसागरी कटकांच्या, म्हणजे समुद्रतळावरच्या लांबलचक पर्वतरांगांच्या, माथ्यावर अगदी थोडी. भूपट्ट हा या शिलावरणाचा तुकडा आहे. वहीत ‘भूपट्ट म्हणजे भूकवचाचा तुकडा’ असं लिहिलं असेल तर ते खोडा. आंद्रिया मोहोरोविचिच यांनी १९०९ मध्ये ओळखलेली मोहो विलगता, म्हणजे भूकवच आणि प्रावरण यांच्यातली सीमा, भूपट्टाच्या तळाशी नसते, त्याच्या आत असते.

प्रश्न: नोट्समध्ये सियाल, सायमा, निफे आहे. पाठ करू का?

पृथ्वीच्या थरांचे जुने शब्द आहेत, इतिहास म्हणून ओळखा. तुमचा अभ्यासक्रम तेच मागत असेल तर शिक्षकांना विचारून ठरवा.

प्रश्न: प्रावरण घन असेल तर त्यावरून भूपट्ट सरकतात कसे? व्हिडिओंमध्ये तर ते लालभडक आणि वाहतं दिसतं.

तो रंग चित्रकाराने दिलेला असतो. वरच्या प्रावरणातला खडक म्हणजे पेरिडोटाइट. त्यातल्या ऑलिव्हिन खनिजामुळे तो हिरवट दिसतो. बसाल्टचा शिलारस वर येताना त्याचे तुकडे सोबत आणतो. एखाद्या भूशास्त्र विभागाच्या संग्रहात असा तुकडा मागून जरूर पाहा. खोलवर तो तापलेल्या लोखंडासारखा चमकत असेल हे मान्य, पण चमकणं म्हणजे वितळणं नव्हे.

पुरावा भूकंपाच्या लहरींचा आहे. पी लहरी दाबत-ताणत जातात, त्यांना घन-द्रव दोन्ही चालतं. एस लहरी खडकाला आडवं हलवत जातात. द्रवाला आकार धरून ठेवता येत नाही, त्यामुळे एस लहरी द्रवातून जातच नाहीत. या लहरी २,८९० किमी जाडीच्या अख्ख्या प्रावरणातून जातात आणि बाह्य गाभ्याशी थांबतात. गाभा आहे हे रिचर्ड ओल्डहॅम यांनी १९०६ मध्ये दाखवलं, तो द्रव आहे हे हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी १९२६ मध्ये, आणि त्याच्या आत आणखी एक गाभा आहे हे इंगे लेमान यांनी १९३६ मध्ये. प्रावरण लाव्हाचं असतं तर एस लहरी त्यातून गेल्याच नसत्या.

आता इतकं तापूनही ते वितळत का नाही? दाबामुळे. दाब वाढला की खडकाचं वितळण्याचं तापमान वर सरकतं. पृष्ठभागावर पेरिडोटाइट १,१०० अंश सेल्सिअसच्या जरा वर वितळू लागतो. १०० किमी खोलीवर, वातावरणाच्या सुमारे ३० हजार पट दाबाखाली, कोरड्या पेरिडोटाइटला १,४०० अंशांच्याही पुढे जावं लागतं. तिथलं तापमान साधारण १,३०० अंश असतं. म्हणजे खडक वितळण्याच्या जवळ आलेला आहे, पण वितळलेला नाही. आणि जवळ आल्यामुळेच मऊ पडलेला आहे. हेच दुर्बलावरण. काही ठिकाणी त्यात वितळलेला अंश अत्यल्प प्रमाणात असू शकतो, पण तो स्फटिकांच्या फटींत असतो, समुद्रासारखा पसरलेला नाही.

घन पदार्थ वाहतो हे पटत नसेल तर हिमनदी पाहा. तिचा बर्फ हातोड्याने फुटतो, तरी पूर्ण हिमनदी उतारावरून वाहते, कारण स्फटिकांतले दोष एकेक करून सरकत राहतात. प्रावरणात हेच होतं, फक्त कितीतरी सावकाश. याचा मोजलेला दाखला स्कँडिनेव्हियात आहे. हिमयुगातला बर्फाचा भार उतरून हजारो वर्षं झाली, तरी बोथनियाच्या आखाताभोवतीची जमीन अजून वर्षाला सुमारे ९ मिमी वर येते आहे. दबलेलं प्रावरण परत जागेवर वाहत येतं म्हणून. ते पातळ रस असतं तर हा हिशेब केव्हाच मिटला असता, आणि ते न वाहणारं असतं तर जमीन एवढी खाली गेलीच नसती.

मग शिलारस येतो कुठून? खडक वितळवायला दर वेळी उष्णता वाढवावी लागत नाही. कटकांखाली खडक वर चढतो, दाब उतरतो, तापमान फारसं घटत नाही आणि तो थोडा वितळतो. हवाईसारख्या ठिकाणीही मुख्यतः हेच घडतं, फक्त तिथे वर येणारा खडक जास्त तापलेला असतो. दुसरी वाट समुद्रतळावरच्या खंदकांजवळची, जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली घुसतो. खाली घुसणाऱ्या भूपट्टातल्या खनिजांतून पाणी सुटतं, ते वरच्या प्रावरणात शिरतं आणि त्याचं वितळण्याचं तापमान खाली आणतं. जपान आणि अँडीजचे ज्वालामुखी असे तयार झाले. ‘खाली गेलेला भूपट्ट घासून वितळतो आणि त्याचा लाव्हा होतो’ हे वाक्य नोट्समधून नोट्समध्ये उतरत आलं आहे. मुख्यतः वितळतं ते त्या भूपट्टाच्या वरचं प्रावरण. कृपया हे पुढच्या विद्यार्थ्याला चुकीचं देऊ नका.

प्रश्न: लाव्हा गाभ्यातून येतो का?

नाही. गाभा मुख्यतः लोखंड आणि निकेलचा, लाव्हा सिलिकेटचा, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या संयुगांचा.

प्रश्न: अंतर्गाभा बाह्य गाभ्यापेक्षा जास्त गरम, तरी घन कसा?

वातावरणाच्या ३३ ते ३६ लाख पट दाबामुळे. वरचं लांबलेलं उत्तर वाचा, तत्त्व तेच आहे.

प्रश्न: प्रावरणातले अभिसरण प्रवाह सरकत्या पट्ट्यासारखे भूपट्ट वाहून नेतात, असं शिकलो. बरोबर ना?

अर्धंच. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंड सरकतात असं मांडलं, पण ते कोणत्या बळाने हे त्यांना सांगता आलं नाही. ती उणीव भरायला आर्थर होम्स यांनी अभिसरणाचा, म्हणजे गरम खडक वर येतो आणि थंड झालेला खाली जातो, असा विचार पुढे आणला. आज आपण भूपट्टाकडे प्रवाहावर ठेवलेलं ओझं म्हणून पाहत नाही. भूपट्ट हा त्या अभिसरणाचाच वरचा, थंड झालेला भाग आहे.

सर्वांत मोठं बळ खंदकात आहे. महासागरी शिलावरण कटकापासून दूर जाताना थंड, जाड आणि जड होत जातं. खंदकात वाकून खाली गेलं की त्यातल्या बसाल्टचं एक्लोगाइट होतं, ते आणखी दाट आणि जड असतं, आणि बुडणारी ही कड मागचा सगळा भूपट्ट ओढते. पडताळा सोपा आहे. पॅसिफिक भूपट्टाच्या लांबच लांब कडा बुडत आहेत, तो बऱ्याच भागात वर्षाला ७ ते १० सेंमी सरकतो. युरेशियन भूपट्टाला अशी बुडणारी कड जवळजवळ नाही, त्याचा वेग दोनेक सेंमी. कटकाच्या उंचीमुळे मिळणारा रेटा आहे, पण दुय्यम.

प्रश्न: छोटे भूकंप झाले की ताण निघून जातो आणि मोठा टळतो, असा संदेश फिरतो आहे. शिवाय एक ॲप पैसे घेऊन आठवडाभर आधी तारीख सांगतं. घ्यावं का?

घेऊ नका. दिवस, जागा आणि तीव्रता सांगून भूकंपाचं भाकीत करण्याची खात्रीची पद्धत आज जगात कुणाकडेही नाही. चीनमध्ये १९७५ साली हायचेंगला भूकंपाआधी लोकांना हलवलं गेलं, तेव्हा मार्ग सापडला असं वाटलं होतं. पुढच्याच वर्षी तांगशान कोणत्याही इशाऱ्याविना उद्ध्वस्त झालं.

‘ताण निघून जातो’ हेही हिशेबात बसत नाही. भूकंपाच्या मापनश्रेणीत एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, दोन अंक वाढले की १,००० पट. एका ७ च्या भूकंपाची ऊर्जा सोडायला ५ चे हजार भूकंप लागतील.

पूर्वइशारा ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती खरी आहे. भूकंप सुरू झाल्यावर पी लहरी सेकंदाला सुमारे ६ किमी, तर जास्त हानी करणाऱ्या एस लहरी सुमारे ३.५ किमी वेगाने येतात. १०० किमीवर असाल तर दोहोंत बारा सेकंदांच्या आसपास अंतर मिळतं. त्यातून प्रक्रियेचा वेळ वजा होतो. उरलेल्या वेळात टेबलाखाली शिरता येतं, गाव सोडता येत नाही. ॲप घ्यायचंच असेल तर ते तुमच्या देशाच्या अधिकृत भूकंप संस्थेचं आहे का, हे त्या संस्थेकडेच विचारा.

प्रश्न: आम्ही भूपट्टाच्या मधोमध राहतो. म्हणजे सुरक्षित?

नाही. १८११-१२ चे अमेरिकेतल्या न्यू माद्रिदचे आणि १९६७ चा कोयनेचा भूकंप भूपट्टाच्या सीमेवरचे नव्हते. भूकंपक्षेत्राचा अधिकृत नकाशा पाहा.

प्रश्न: काळा, जड दगड विकत घेतला, चुंबक चिकटतो. विक्रेता ‘पृथ्वीच्या गाभ्यातला’ असं प्रमाणपत्र देतो.

गाभ्याचा तुकडा आजवर कुणाच्या हातात आलेला नाही. सर्वांत खोल विवर रशियात कोलाला आहे, तेही १२,२६२ मीटरवर थांबलं. ते भूकवचाच्या बाहेरही गेलं नाही. तुमचा दगड बहुधा मॅग्नेटाइट असावा. झिलई नसलेल्या पांढऱ्या फरशीवर घासा, मॅग्नेटाइटची रेघ काळी येते. आम्ल टाकू नका, तापवू नका, कापू नका. शंका राहिली तर भूशास्त्र विभागात दाखवा.

प्रश्न: नकाशात आमच्याजवळून भ्रंशरेषा जाते आणि घराच्या भिंतीला तिरपी चीर पडली आहे. भूपट्ट सरकल्यामुळे असेल का? वर्षभर थांबून पाहतो आहोत.

भूपट्ट तुमचं घर, अंगण आणि सारा परिसर एकत्रच नेतो, त्याने भिंत चिरत नाही. अशा चिरेमागे बहुधा पायाचं असमान खचणं, ओल्या-सुक्याने फुगणारी-आकसणारी चिकणमाती किंवा गळती असते. नकाशाचंही प्रमाण पाहा. एकास दहा लाख प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर एक किलोमीटर झाकते. तो भ्रंश सक्रिय आहे का, हे प्रत्यक्ष जागा पाहणाऱ्या भूशास्त्रज्ञानेच सांगायचं.

हादऱ्याच्या वेळी भ्रंशाच्या अंतराइतकीच खालची मातीही महत्त्वाची असते. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीपासून भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर होतं. जुन्या सरोवराच्या मऊ गाळावरच्या इमारती कोसळल्या, खडकाळ भागात हानी कितीतरी कमी झाली.

वर्षभर थांबणं मात्र चुकलं. आज चिरेच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने आडवी रेघ ओढून तारीख लिहा. चिरेच्या दोन बाजूंना एकेक स्क्रू बसवा आणि त्यांच्यातलं अंतर वर्निअर कॅलिपरने दर आठवड्याला, दिवसाच्या एकाच वेळी मोजून नोंदवा. गिलावा करून चीर झाकू नका, मोजायची खूण जाते. चीर ५ मिमीहून रुंद असेल, रुंदावत असेल, दारं-खिडक्या अडकत असतील किंवा खांब-तुळईत शिरली असेल तर नोंदी पुऱ्या होण्याची वाट न पाहता याच आठवड्यात स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, आणि त्याने सांगितल्यास मातीची तपासणी करून घ्या. तोवर त्या भिंतीजवळ कुणी झोपू नये.